नववीच्या निबंधातला ताहिर बिन यूसुफ

गेल्या वर्षी आमच्या शाळेत निबंध स्पर्धा झाली. विषय होता, ‘तारीखे-इस्लाममधील माझी आवडती बहादूर व्यक्ती’. शाळा उर्दू माध्यमाची. आम्ही तिथे उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवतो, त्यामुळे निबंध तपासण्याचं काम दरवर्षी आमच्याच टेबलावर येतं. बहुतेक मुलांनी हजरत खालिद बिन वलीद (रजि.), सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी आणि टिपू सुलतान यांच्यावर लिहिलं होतं. नववीतल्या एका मुलीने मात्र वेगळंच नाव घेतलं होतं : ताहिर बिन यूसुफ.

चार पानं भरून लिहिलं होतं. हा तरुण मदिन्याहून बगदादला कसा आला, तातारींचं संकट दारात आहे हे त्याने खलीफाच्या दरबाराला कसं कळकळीने सांगितलं, दरबारातल्या विकल्या गेलेल्या अमीर-उमरावांनी त्याच्याविरुद्ध कसे डाव रचले आणि शेवटी तो जलालुद्दीन ख्वारिज्मशाहच्या बाजूने कसा लढला. सगळ्या निबंधांत तिची उर्दू सर्वांत सुंदर होती. शेवटच्या ओळीत तिने विचारलं होतं की, एवढ्या मोठ्या माणसाचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकातून कुणी काढून टाकलं?

अडचण एवढीच होती की ताहिर बिन यूसुफ नावाचा हा माणूस कधी जन्मलाच नव्हता. तो नसीम हिजाजी यांच्या ‘आखरी चट्टान’ या कादंबरीचा नायक आहे. कादंबरीत जलालुद्दीन खरा, चंगेजखान खरा, बगदादही खरं. पण ज्याच्यासाठी वाचणारा रात्रभर जागतो, तो ताहिर लेखकाच्या लेखणीतून उतरलेला.

आम्ही निकाल दोन दिवस अडवून ठेवला. तिला नापास करायचं, तर आधी स्वतःला करावं लागलं असतं.

कारण तिच्या वयाचे असताना आम्हीही ताहिरला खराच मानत होतो. आमच्या मुहल्ल्यात एक छोटी लायब्ररी होती, रोजाच्या भाड्याने पुस्तकं देणारी. कोपरे दुमडलेली, मधली पानं सुटलेली, पहिल्या पानावर कुणाकुणाच्या सह्या असलेली ती पुस्तकं. ‘मुहम्मद बिन कासिम’, ‘यूसुफ बिन ताशफीन’, ‘शाहीन’, ‘और तलवार टूट गई’. इशाच्या नमाजनंतर अब्बा मोठ्याने वाचायचे आणि आम्ही भावंडं, अम्मी, शेजारच्या खालाजान असे सगळे ऐकायचो. ‘शाहीन’मध्ये गरनाता हातचं जातं, त्या रात्री घरात कुणी नीट जेवलं नव्हतं. आमची उर्दू शाळेत कमी आणि या कादंबऱ्यांत जास्त घडली. आज मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही उर्दू शिकवून पोट भरतो, त्यातही या पुस्तकांचा वाटा आहे.

पुढे बी.एड.ला इतिहास-अध्यापन पद्धतीच्या तासाला ‘साधनं’ म्हणजे काय हे शिकवलं गेलं. नाणी, शिलालेख, समकालीन ग्रंथ. आम्ही मोठ्या उत्साहाने कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन मंगोल स्वारीवरच्या जाडजूड पुस्तकाची नामसूची उघडली आणि ताहिर शोधू लागलो. सापडला नाही. दुसरं पुस्तक काढलं, त्यातही नाही. जवळचं कुणी गेल्यासारखं वाटलं होतं त्या दुपारी. म्हणूनच ती नववीची मुलगी आम्हाला परकी वाटत नव्हती.

या कादंबऱ्या आल्या कुठून, हे आधी पाहू. उर्दूत ऐतिहासिक कादंबरीची खरी सुरुवात लखनौच्या मौलवी अब्दुल हलीम शरर (१८६०–१९२६) यांनी केली. १८८७ मध्ये त्यांनी ‘दिलगुदाज’ हे मासिक काढलं आणि १८८८ पासून त्यात ‘मलिकुल अजीज वर्जना’ ही कादंबरी क्रमशः छापली. इंग्रज कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांची सलीबी युद्धांवरची ‘द टॅलिस्मन’ त्यांच्या वाचनात आली होती. त्यातलं मुसलमानांचं चित्र त्यांना खटकलं आणि त्याला उत्तर म्हणून त्यांनी लेखणी उचलली, असं उर्दू साहित्याच्या इतिहासात सांगितलं जातं. गंमत अशी की उत्तर देताना साचा मात्र त्यांनी स्कॉटचाच घेतला. राजा, लढाई आणि रणधुमाळीत फुलणारं प्रेम.

नेमक्या त्याच काळात पुण्यात हरी नारायण आपटे मराठीत हेच करत होते. त्यांचं ‘करमणूक’ १८९० मध्ये निघालं. त्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी ‘म्हैसूरचा वाघ’ मेडोज टेलर या इंग्रजाच्या टिपू सुलतानवरच्या कादंबरीवर आधारलेली होती. मग ‘उषःकाल’ आणि ‘गड आला पण सिंह गेला’ आल्या. लखनौत आणि पुण्यात एकच दुखणं होतं. राज्य इंग्रजांचं, शाळेतला इतिहास इंग्रजांनी लिहिलेला. आपणही कधी कुणीतरी होतो, हे लोकांना ऐकायचं होतं. ही भूक खरी होती आणि तिला हसण्याचा अधिकार कुणालाच नाही.

शरर यांच्यानंतर हा प्रवाह रुंद होत गेला. पंजाबच्या गुरुदासपूर जिल्ह्यात १९१४ मध्ये जन्मलेले शरीफ हुसैन म्हणजेच नसीम हिजाजी यांनी तो घराघरांत नेला. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले आणि १९९६ मध्ये वारले. त्यांची ‘खाक और खून’ ही १९४७ च्या रक्तपातावरची कादंबरी वाचली की लक्षात येतं, गरनाता आणि बगदादबद्दल लिहिताना हा माणूस आपल्याच काळाची भीती लिहीत होता. लाहोरचे इनायतुल्लाह अल्तमश (१९२०–१९९९) यांनी सलाहुद्दीन अय्यूबींवर ‘दास्तान ईमान फरोशों की’ लिहिली. आपल्या भारतात अलीगढचे काझी अब्दुल सत्तार यांनी ‘सलाहुद्दीन अय्यूबी’ आणि ‘दारा शिकोह’ लिहिल्या. त्यांना १९७४ मध्ये पद्मश्री मिळाली. ‘दारा शिकोह’ वेगळी आहे. तिथे समोरासमोर उभे असलेले दोघेही मुसलमान, दोघेही सख्खे भाऊ. त्यामुळे सगळा दोष परक्यावर टाकून मोकळं होण्याची सोय वाचकाला मिळत नाही.

बाकीच्या बऱ्याच कादंबऱ्यांत मात्र तीच सोय असते. आपण दहा-पंधरा वाचल्या की साचा ध्यानात येतो. एक तरुण, देखणा, तहज्जुदगुजार मुजाहिद. त्याची वाट पाहणारी पाकदामन मुलगी. शत्रूने पाठवलेली एक सुंदर हेर बाई, जी बहुधा शेवटी ईमान आणते किंवा मरते. आणि सर्वांत महत्त्वाचा तो गद्दार. किल्ला पडतो तो गद्दारामुळे, फौज हरते ती गद्दारामुळे. अल्तमश यांच्या कादंबरीचं नावच ईमान विकणाऱ्यांवरून आहे. वाचून संपलं की मुलाच्या मनात एकच वाक्य उरतं : आपण कधी हरलो नाही, आपल्याला विकलं गेलं.

हे वाक्य किती खरं आहे? ताहिरच्याच काळात जाऊन पाहू, कारण जलालुद्दीनची खरी हकीकत लिहिणारे लोक आपल्याकडे आहेत.

सुरुवात होते १२१८ मध्ये, उतरार या सरहद्दीवरच्या शहरात. चंगेजखानाकडून व्यापाऱ्यांचा एक काफिला आला. इतिहासकार अता मलिक जुवैनी सुमारे ४५० व्यापारी सांगतो आणि ते मुसलमान होते, हेही सांगतो. उतरारच्या हाकिमाने त्यांना हेर ठरवून कापून काढलं आणि माल घेतला. ख्वारिज्मचा बादशाह अलाउद्दीन मुहम्मद याने हाकिमाला पाठीशी घातलं आणि जाब विचारायला आलेल्या वकिलालाही मारलं. त्याआधी वर्षभर हाच बादशाह बगदादच्या खलीफावर फौज घेऊन निघाला होता. डोंगरातल्या बर्फाने त्याला परत फिरवलं. मंगोल आले तेव्हा तो शहरामागून शहर सोडत पळाला आणि कॅस्पियन समुद्रातल्या एका बेटावर वारला. १२२० मध्ये बुखारा आणि समरकंद गेले. यात गद्दार शोधायचा कुठे? गर्व होता, लालूच होती आणि वकिलाला मारू नये हा जगाचा रिवाज मोडणं होतं.

मुलगा जलालुद्दीन बापासारखा नव्हता. तो खरोखर शूर होता. १२२१ मध्ये आजच्या अफगाणिस्तानातल्या परवान इथे त्याने मंगोल सेनापती शिगी कुतुकूचा साफ पराभव केला. मंगोलांना हरवता येतं, हे त्या दिवशी सिद्ध झालं. आणि त्याच दिवशी लुटीतल्या एका घोड्यावरून जलालुद्दीनच्या दोन सरदारांत भांडण लागलं. अमीन मलिकने सैफुद्दीन इग्राकच्या डोक्यात चाबूक मारला. सुलतानाने न्याय केला नाही, म्हणून इग्राक रुसून आपली माणसं घेऊन निघून गेला आणि जवळजवळ अर्धी फौज विखुरली. काही आठवड्यांनी सिंधूच्या काठी खुद्द चंगेजखान समोर उभा राहिला, तेव्हा जलालुद्दीनकडे पुरेशी माणसं नव्हती. त्याने घोड्यासह नदीत उडी घेतली आणि पैलतीर गाठला. बाप असावा तर याला असा मुलगा असावा, या अर्थाचं काहीतरी चंगेजखान आपल्या मुलांना म्हणाला.

ही उडीची गोष्ट कादंबऱ्यांमुळे घराघरांत पोहोचली. ती लिहून ठेवली कुणी? जुवैनीने. आणि जुवैनी मंगोलांच्या नोकरीत होता, पुढे हुलाकूच्या वतीने बगदादचा कारभार त्याने पाहिला. म्हणजे आपल्या आवडत्या सुलतानाची सर्वांत मोठी तारीफ शत्रूच्या पदरी असलेल्या माणसाने केली. कादंबरीच्या साच्यात हा जुवैनी बसवायचा कुठे? गद्दारांत की इमानदारांत?

पुढचा भाग कादंबरीतून कळत नाही. हिंदुस्थानातून परतल्यावर जलालुद्दीनने उरलेली वर्षं मंगोलांपेक्षा जास्त आपल्याच शेजाऱ्यांशी लढण्यात घालवली. १२२५ मध्ये खलीफाच्या फौजेशी लढला. १२२६ मध्ये जॉर्जियाचं तिफ्लिस लुटलं. मग कित्येक महिने खिलात या मुसलमानांच्या शहराला वेढा घातला आणि १२३० मध्ये ते घेऊन लुटलं. हे शहर होतं सलाहुद्दीन अय्यूबींच्या सख्ख्या पुतण्याचं, मलिक अशरफचं. त्याच वर्षी हा पुतण्या आणि सेल्जूक सुलतान कैकुबाद यांनी एकत्र येऊन जलालुद्दीनला हरवलं. १२३१ मध्ये डोंगरात एकटा भटकत असताना एका कुर्दाच्या हातून तो मारला गेला.

जलालुद्दीनचा मुन्शी होता मुहम्मद नसवी. मालकाच्या मृत्यूनंतर दहाएक वर्षांनी त्याने अरबीत त्याचं चरित्र लिहिलं. मालकावर त्याचा जीव होता, हे पानोपानी कळतं. तरी सुलतानाच्या चुका आणि फौजेची लूटमार त्याने झाकली नाही. आमच्या मते नसवीची ही वफादारी ताहिरच्या वफादारीपेक्षा मोठी आहे. ताहिर मालकासाठी तलवार चालवतो. नसवीने मालक गेल्यावर, कसलीही बक्षिसी मिळणार नसताना, खरं सांगितलं.

आता कुणी म्हणेल, एवढी चिकित्सा कशाला? करमणूक आहे, मुलं वाचतात, वाचू द्या. आम्हीही बरीच वर्षं असंच म्हणत होतो. पण वर्गात बसलेल्या मुलांच्या मनात ही वाक्यं काय करतात, ते आता दिसू लागलंय. त्या मुलीने ‘ताहिर कोण होता’ असं विचारलं नाही. ‘त्याचं नाव कुणी काढून टाकलं’ असं विचारलं. नसलेल्या माणसाच्या चोरीचा आळ तिने खऱ्या माणसांवर घेतला. ज्या मुलाला वाटतं की आपण नेहमी विकले गेलो, तो आपल्याच मुहल्ल्यात गद्दार शोधू लागतो. मस्लक वेगळा दिसला की गद्दार, मत वेगळं पडलं की गद्दार. अभ्यासात मागे पडलो, धंद्यात बुडालो, तरी कुणीतरी दगा दिला. घोड्यावरून भांडणारे दोन सरदार त्याला दिसतच नाहीत, कारण ते आरशात असतात.

दुसरं नुकसान शेजाराचं. मागे आठवीतला एक मुलगा महमूद गजनवीवरची ‘आखरी मारका’ वाचून आला आणि मधल्या सुट्टीत बाहेरच्या मैदानावर दुसऱ्या शाळेतल्या मुलांशी सोमनाथवरून भांडला. समोरच्या मुलांनीही त्यांच्या बाजूच्या कादंबऱ्या आणि चित्रपट पाहिलेले. म्हणजे बारा-तेरा वर्षांची पोरं हजार वर्षांपूर्वीच्या तलवारी घेऊन लढत होती आणि त्यातली एकही तलवार खऱ्या लोखंडाची नव्हती. आम्ही त्या मुलाला बोलावून एवढंच सांगितलं की सोमनाथची गोष्ट १०२६ ला संपत नाही. १२६४ मध्ये होरमुजचा एक मुसलमान नाखुदा नूरुद्दीन फिरोज याने त्याच सोमनाथात मशीद बांधली. जमीन स्थानिक लोकांकडून रीतसर मिळवली, राज्य हिंदू राजाचं, अर्जुनदेव वाघेलाचं. त्याचा शिलालेख संस्कृत आणि अरबी अशा दोन भाषांत आहे आणि संस्कृत मजकुरात हिजरी सनाबरोबर विक्रम संवतही दिलेला आहे. स्वारी खरी होती, तिचं दुःखही खरं. पण त्याच किनाऱ्यावर शेजारही उभा राहिला होता. त्या मुलाने विचारलं, ‘सर, यावर नॉव्हेल नाही का?’ आमच्या शाळेच्या कपाटात तर नव्हती.

आपल्या दखनचंही तसंच. त्याच कपाटात बगदाद, दमास्कस, कुर्तुबा सगळं आहे. पण हबश देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा आधार बनलेला मलिक अंबर त्यात नाही. त्याची कबर खुलताबादेत आहे, त्याने आणलेल्या नहरीचे अवशेष औरंगाबादेत आहेत. शहाजीराजे निजामशाहीचे सरदार होते आणि १६२४ च्या भातवडीच्या लढाईत ते मलिक अंबरच्या बाजूने मोगल आणि आदिलशाही फौजांशी लढले. कोण कुणाच्या बाजूने, हे पाहायला गेलं तर साचा तिथेही मोडतो.

कुणी असं समजू नये की टीका करण्याची ही रीत आम्ही बाहेरून उचलून आणली. सूरह हुजुरातमध्ये आलेल्या बातमीची शहानिशा करण्याचा हुकूम आहे, नाहीतर नकळत कुणावर अन्याय होईल आणि मग पस्तावावं लागेल. हदीसच्या उलेमांनी तर एकेका रावीचं आयुष्य तपासलं. आणि इब्ने खल्दून यांनी १३७७ मध्ये लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’च्या सुरुवातीलाच इतिहासकारांचे कान धरलेत. बनी इस्राईलच्या सहा लाखांच्या फौजेचा आकडा घेऊन ते विचारतात की एवढी फौज कूच कशी करेल, एका रणांगणात लढेल कशी? केवळ आधीच्यांनी लिहिलं म्हणून पुढे लिहू नका, हा त्यांचा धडा. इब्ने खल्दूनना मानणाऱ्या घरात ताहिर बिन यूसुफ तपासल्याशिवाय खरा ठरावा, ही आपल्यालाच न शोभणारी गोष्ट आहे.

म्हणून आईवडिलांना आमची विनंती आहे. मुलांच्या हातातून या कादंबऱ्या हिसकावू नका. मोबाइलच्या दिवसांत तीनशे पानी उर्दू पुस्तक वाचणारं मूल ही नेमत आहे. फक्त त्याला एकटं वाचू देऊ नका. वाचून झाल्यावर दस्तरखानावर विचारा : यातली कोणती माणसं खरोखर होऊन गेली? हे लिहून ठेवलं कुणी आणि तो कुणाच्या बाजूचा होता? ज्याला पुस्तकाने वाईट म्हटलं, त्याला स्वतःच्या बाजूने काय सांगायचं असेल? उत्तर आपल्याला येत नसेल तर मुलासमोर तसं कबूल करा आणि दोघं मिळून शोधा. टीव्हीवरच्या तुर्की मालिकांनाही हेच तीन प्रश्न चालतात.

त्या मुलीला आम्ही ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवून सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘सर, मग मी रडले ते खोटं होतं का?’ आम्ही म्हणालो, ‘नाही बेटा. बुखारा खरंच जळालं होतं. तिथल्या तुझ्या वयाच्या मुलीही खऱ्या होत्या. त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत, एवढंच.’ मग तिला परवानच्या घोड्याची गोष्ट सांगितली. ती ऐकून तिने कपाळावर हात मारला, अगदी आपल्या घरातल्या बायका भाऊबंदांची भांडणं ऐकून मारतात तसा.

भाषेसाठी तिला दुसरं बक्षीस दिलं आणि एक अट घातली की शाळेच्या भित्तिपत्रकासाठी आणखी एक लेख लिहायचा. तो पुढच्या आठवड्यात आला, दीड पानाचा, आधीच्यापेक्षा कमी सजवलेला. वरती तिने शीर्षक दिलं होतं : ताहिर नव्हता, घोडा होता.